वोविचला नेलेली शेवंती

त्या दिवशी लाइन गेली नव्हती. फोन मी कापला होता.

हे मी मराठीत आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पोलिशमध्ये एका बाईंना सांगितलं, तेही पहिल्या पायरीच्या पोलिशमध्ये, जिथं भूतकाळ अजून शिकवलेला नसतो. त्या प्रवासाची ही हकीगत. पोलंडला कोण कशाला जाईल, असं सोलापुरात मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, मुलीकडं. तेही पुरतं खरं नव्हतं. मुलीला मी येतोय हे ठाऊकच नव्हतं.

आमची एकुलती एक लेक प्राजक्ता शिकायला पोलंडला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि टोमेक नावाच्या तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं. आम्हाला बोलावलं होतं. मी परीक्षांचं कारण सांगितलं. मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे परीक्षांचं कारण बारा महिने हाताशी असतं. लग्नाच्या संध्याकाळी व्हिडिओवर तिच्या सासूबाई आल्या. हलिना त्यांचं नाव. बाई गोऱ्यापान, चष्मा नाकावर, आणि कुणीतरी पाठ करून घेतलेलं हळूहळू म्हणाल्या, "नमस्कार पाव्हणं. मी हलिना. तुमची प्राजू आता आमची पण लेक हाय. काळजी करू नका."

पाव्हणं काय, हाय काय. लेकीनं त्यांना आमच्या गावाकडची, मोडनिंबची मराठी शिकवली होती, बापाला बरं वाटावं म्हणून. मला मात्र त्यातला 'आमची' हा एकच शब्द ऐकू आला आणि तो झोंबला. मी बोट दाबलं, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बायकोला म्हणालो, लाइन गेली. सुमन बिचारी दोन दिवस मोबाइल कंपनीला शिव्या देत होती.

पुढं दोन वर्षांनी हलिनाबाईंचे यजमान वारले. आपल्याकडं व्याही गेला तर माणूस हातातलं काम टाकून जातो, टॉवेल-टोपी घेऊन दुखवट्याला बसतो. मी साधा फोन केला नाही. सुमननं विषय काढला की माझं ठरलेलं उत्तर असे, "भाषा येत नाही. काय बोलणार?" मग एकदा वर्गात एक मुलगा फळ्यापाशी उभा राहून म्हणाला, सर, येत नाही. मी नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडावर मारलं, "येत नाही असं नसतं. शिकला नाहीस असं असतं." वर्ग हसला. मी खडू ठेवून जरा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून मी पोलंडमध्ये परदेशी लोकांसाठी चालणाऱ्या पोलिश वर्गात नाव घातलं. सुमनला सांगितलं, आणि प्राजूला कळू देऊ नको म्हणूनही सांगितलं. ती म्हणाली, "आवो, ह्या वयात शाळा? पोरं हसतील की." मग स्वतःच पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरायला लागली. व्याह्यांच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून एक चादर आणि टॉवेल टाकला. टोपी हातात घेऊन थांबली आणि परत कपाटात ठेवली.

वुच

वर्ग ज्या शहरात होता त्याचं नाव मी सोलापूरपासून विमानतळापर्यंत 'लोड्झ' असं म्हणत गेलो. तिथं उतरल्यावर कळलं, ते वुच. अक्षर 'ल'चं, पोटात रेघ मारलेलं, आणि उच्चार 'व'. माझ्या चुकांची सुरुवात अशी गावाच्या नावापासूनच झाली.

पण गाव पाहिलं आणि जीव रमला. लाल विटांच्या लांबच लांब गिरण्या, ओळीनं खिडक्या, वर धुराडी. गिरण्या बंद पडलेल्या. आमच्याकडं बंद गिरणीत बाभळी उगवतात, यांनी दुकानं आणि हॉटेलं घातलीत, एवढाच फरक. माझे चुलते सोलापूरच्या गिरणीत होते. भोंग्यावर घड्याळ लावणारी ती माणसं. त्यांना हे गाव दाखवायला हवं होतं असं पहिल्याच दिवशी वाटलं.

वर्गात बहुतेक मुलं माझ्या विद्यार्थ्यांहून थोडीच मोठी. माझ्या बाकावर केमाल नावाचा तुर्की बेकरीवाला होता. वय चाळिशीपुढचं, पोलिश बाईशी लग्न ठरलेलं, आणि सासऱ्याशी बोलता आलं पाहिजे अशी तिची अट. आम्हा दोघांचा मिळून एक म्हातारा बाक झाला. शिकवणाऱ्या बाईंचं नाव एवा. त्यांना 'पानी एवा' म्हणायचं. पानी म्हणजे बाई. आपल्या शाळेत म्हणतात तसंच, त्यामुळे ते लगेच तोंडात बसलं.

पहिल्या दिवशी पानी एवांनी माझ्याकडं हात करून नाव विचारलं आणि मी उठून उभा राहिलो. बाईंनी विचारलं की उभं राहायचं, हे अंगात मुरलेलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाईंना वाटलं मला बाहेर जायचंय. त्यांनी दाराकडं बोट दाखवलं. मी उभ्या उभ्याच "नाझिवाम शें माने" म्हणालो, म्हणजे माझं नाव माने. बसा, बसा, असं त्यांनी खुणेनं सांगितलं. पुढच्या प्रश्नाला मी परत उभा. इलाजच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात केमाल माझी नक्कल म्हणून उभा राहायला लागला, मग मागची पोरं, आणि शेवटी अख्खा वर्ग उत्तर देताना उभा राहू लागला. पानी एवा म्हणाल्या की आजवर कुठल्याच वर्गानं त्यांना इतका मान दिला नव्हता. मी मान खाली घातली, पण आतून छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

अभ्यासात मात्र मी कुणाला हार गेलो नाही. पोलिशमध्ये तीन लिंगं असतात. टेबल पुल्लिंगी, खुर्ची नपुंसकलिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी. केमालच्या भाषेत लिंगच नाही. तो कपाळाला हात लावून म्हणे, टेबलाला काय मिशा असतात? मी त्याला सांगितलं की आमच्याकडं तर वाटी बाई आहे, पेला पुरुष आहे आणि ताट दोन्ही नाही, आणि आम्ही रोज त्यात जेवतो. मग विभक्ती आल्या. सात. वर्गात उसासे पडले. मला शाळेतलं 'प्रथमा, द्वितीया, तृतीया' धडाधड आठवलं आणि संबोधन आल्यावर तर जुना मित्र भेटल्यासारखं झालं. चुलीतला च वेगळा आणि चहातला च वेगळा, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पोलिशमध्ये हे दोन्ही आहेत, आणि बाकीच्यांची जीभ तिथंच अडखळत होती. आमच्या सोलापुरात भाजीवाली कानडीत भाव सांगते, शेजारी तेलुगूत भांडतात आणि रिक्षावाला दखनीत समजूत घालतो. त्यातून मोठं झालेल्या माणसाच्या कानाला आणखी एक भाषा म्हणजे काय, असा माज मला थोडा चढलाही.

एक दिवस वर्गाची सहल कापडाच्या संग्रहालयात गेली. तिथल्या माणसानं जुना माग चालू केला. खडखडाट सुरू झाला तशी पोरांनी कानात बोटं घातली. मी सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या गल्लीत भाड्यानं अकरा वर्षं काढली आहेत. त्या आवाजात मी पेपर तपासलेत, प्राजूला झोपवलंय. मी मागाजवळ सरकलो आणि कुणी न विचारता तोंडातून निघालं, "ऊ नास तेश." आमच्याकडं पण. पाठ न करता बोललेलं ते माझं पहिलं पोलिश वाक्य. तो माणूस खूश झाला आणि भराभर बोलायला लागला. मला त्यातलं काही कळलं नाही, तरी मी "ताक, ताक" म्हणत राहिलो. ताक म्हणजे हो. न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला ताक म्हणायची ही खोड पुढं मला भोवणार होती.

जेवणाचं म्हणाल तर राईचा काळा पाव मला भाकरीचा चुलतभाऊ वाटला. त्यावर शेंगाची चटणी आणि तेल घालून केमालला दिलं. त्यानं डोळ्यांत पाणी आणत तीनदा मागून घेतलं आणि सासऱ्यासाठी पुडी बांधून नेली.

अखेरीस तोंडी परीक्षा झाली. मी उभा राहूनच दिली. पास झालो म्हणून पानी एवांनी हात मिळवला, तेव्हा मला माझ्या विद्यार्थ्यांचे निकालाच्या दिवशीचे चेहरे आठवले. त्यांना मी कधी असा हात दिलेला नाही.

वोविच

वोविच हे हलिनाबाईंचं गाव, वुचपासून आगगाडीनं जवळच. सुमन दर दिवाळीला फराळाचं पार्सल तिकडं धाडते, त्यामुळे पत्ता मला पाठ होता. आधी कळवलं नाही. तिथं कुणाकडं न सांगता जाण्याची रीत नाही हे वर्गात शिकलो होतो, पण सांगितलं असतं तर माझाच धीर सुटला असता.

ऑक्टोबर सरत आला होता. त्या दिवसांत पोलंडमध्ये जिकडंतिकडं शेवंती. दुकानांपुढं, चौकात, पेट्रोल पंपावरसुद्धा पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगा. मला वाटलं, यांचाही दसरा-दिवाळीसारखा सण जवळ आलेला दिसतोय. आपल्याकडं शेवंतीशिवाय दाराला तोरण नाही आणि देवाला हार नाही. व्याह्यांच्या दारात पहिल्यांदा उभं राहायचं तर यापेक्षा शुभ काय? मी दोन घमघमीत पिवळ्या कुंड्या घेतल्या, दोन्ही काखांत धरल्या आणि गाडीत चढलो.

गाडीत माझा फार मान झाला. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मला जागा दिली. समोरच्या बाईंनी कुंडीला धक्का लागू नये म्हणून पाय आखडून घेतले. फुलांची कदर असलेली माणसं, असं मनात म्हणत मी सगळ्यांकडं बघून हसत होतो. परत कुणी हसत नव्हतं.

हलिनाबाईंनी दार उघडलं. त्यांनी मला लगेच ओळखलं असावं, कारण त्यांचा हात चष्म्याकडं गेला. मग त्यांची नजर कुंड्यांवर गेली आणि हात तोंडावर आला. मी पाठ केलेलं "जेन दोब्री, पानी हलिना" म्हणालो, म्हणजे नमस्कार, हलिनाबाई. त्या काहीतरी लांबलचक बोलल्या. मला एक शब्द कळला नाही. मी म्हणालो, "ताक."

त्यांनी डोळे पुसले, आत जाऊन कोट घातला, एक बादली आणि ब्रश घेतला आणि माझ्यासोबत बाहेर पडल्या. मला वाटलं, अंगणात झाडं लावायची असतील. आम्ही चालत चालत गावाच्या टोकाला एका मोठ्या फाटकातून आत शिरलो. ती दफनभूमी होती. थडग्यांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक थडग्यावर शेवंती. पिवळी, पांढरी, जांभळी. माणसं गुडघ्यांवर बसून दगड धुत होती, पाचोळा गोळा करत होती, जशी आपण दिवाळीआधी घरं साफ करतो. चार दिवसांनी त्यांचा सगळ्या मेलेल्यांचा सण होता, म्हणजे त्यांची सर्वपित्रीच म्हणा. आणि शेवंती तिथं फक्त त्यांनाच वाहतात. जिवंत माणसाच्या दारात ती कुणी नेत नाही.

एका दगडावर स्तानिस्वाव हे नाव कोरलेलं होतं. माझे व्याही. हलिनाबाईंनी माझ्या हातातली एक कुंडी घेतली आणि एका बाजूला ठेवली. दुसरी मला ठेवायला सांगितली.

मी ठेवली. काय करावं कळेना, म्हणून बाह्या वर केल्या, ब्रश घेतला आणि दगड घासायला बसलो. पाणी गार होतं. बाई शेजारचं थडगं धुणाऱ्या एका बाईशी बोलत होत्या आणि मधेमधे माझ्याकडं हात करत होत्या. 'इंदियी' एवढं कळलं. इतक्या लांबून व्याही आला, सणाआधी आला, फुलं घेऊन आला, हे त्या अभिमानानं सांगत होत्या. मी खाली मान घालून घासत होतो. मला कुणीतरी न केलेल्या कामाबद्दल बक्षीस देत होतं, आणि गप्प बसलं तर ते माझंच होणार होतं. लाइन गेली म्हटल्यावरही असंच सगळं माझ्या सोयीचं झालं होतं.

घरी आल्यावर त्यांनी गरम सूप वाढलं. आंबट, आमच्या कढीच्या वाटेवरचं. मी चमचा खाली ठेवला आणि मोबाइलमध्ये दसऱ्याचा फोटो शोधला. आमचं दार, शेवंतीचं तोरण, दारात नटलेली सुमन. तो त्यांच्यापुढं धरला. फुलांवर बोट ठेवलं, दारावर ठेवलं, सुमनच्या हसऱ्या तोंडावर ठेवलं आणि म्हणालो, "ऊ नास."

त्या बघत राहिल्या. फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग एकदम त्यांना हसू फुटलं. मी दाराशी कसा उभा होतो ते आठवून त्या हसत होत्या, काखेत दोन कुंड्या धरल्याची नक्कल करत होत्या, चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मीही हसायला लागलो. हसू ओसरल्यावर त्यांनी स्मशानाच्या दिशेनं मान हलवली आणि हळू, माझ्यासारख्या विद्यार्थ्याला कळेल असं बोलल्या. स्तानिस्वावला फुलं मिळाली. छान आहेत.

आणि मग त्यांनी हात मांडीवर घेतले, शाळेतल्या पोरीसारखे, आणि म्हणाल्या, "नमस्कार पाव्हणं. मी हलिना. तुमची प्राजू आता आमची पण लेक हाय. काळजी करू नका."

चार वर्षांनी एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. त्यांनी खांदे उडवले आणि खुणा करत, सोप्या पोलिशमध्ये विचारलं, माझी मराठी वाईट होती ना? तुम्हाला कळलं नाही ना? प्राजूनं लाइनचं सांगितलं, पण मला वाटलं, माझं बोलणंच वाईट. म्हणून पुढं शिकले नाही.

एवढं मला नीट कळलं. 'वाईट' हा शब्द आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता.

मला भूतकाळ येत नव्हता. 'कापला', 'राग आला', 'लाज वाटते' यातलं काहीही येत नव्हतं. जेवढं येत होतं तेवढ्यात मी उभा राहून सांगितलं. "पानी मराठी दोब्री. तेलेफोन दोब्री. या, निएदोब्री." तुमची मराठी चांगली. फोन चांगला. मी, चांगला नाही. आणि बोटानं फोन दाबल्याची खूण केली. मग ज्या एका शब्दासाठी मी अख्खी शाळा केली होती तो म्हणालो, "प्शेप्राशाम." पोलंडात बसमध्ये धक्का लागला तरी हाच शब्द म्हणतात. क्षमा मागायला वेगळा मोठा शब्द असेल तर तो पुढच्या पायरीला असावा.

बाईंनी मान वळवली. खिडकीकडं बघत होत्या. मी उभाच होतो. मग त्यांनी माझी वाटी ओढली, तिच्यात परत सूप घातलं, पावाचा तुकडा ठेवला आणि जरा रागानंच म्हणाल्या, "येत्स." जेव.

आमच्या आईचा राग असाच ताटात यायचा. मी बसलो आणि जेवलो.

जेवण झाल्यावर त्यांनी प्राजूला फोन लावला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "प्राजू, मी वोविचला आहे."  ती म्हणाली, "अप्पा? कुठल्या वोविचला?" हलिनाबाई पलीकडं जाऊन भांडी विसळायला लागल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी मला दोनच वाक्यं सांगितली, सोपी करून. मी तिला सांगणार नाही. तुम्ही सांगा.

सणाच्या दिवशी प्राजू आणि टोमेक वॉर्सॉहून आले. दुपारी चार-साडेचारलाच तिथं अंधारतं. दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर काचेतले दिवे लावलेले, हजारोंनी, आणि माणसं हळू आवाजात बोलत, कोट सावरत फिरत होती. आपली दिवाळी घराच्या दारात असते, यांची गेलेल्यांच्या दारात. टोमेकनं बापासाठी एक दिवा लावला आणि दुसरा माझ्या हातात दिला. मी त्याला पोलिशमध्ये विचारलं, तुझे वडील काय काम करत होते? तो सांगत गेला. सगळं कळलं असं नाही, पण यावेळी जिथं कळलं नाही तिथं मी ताक म्हणालो नाही. परत सांग म्हणालो.

प्राजू बाजूला उभी राहून ऐकत होती. परत येताना तिनं माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. म्हणाली, "अप्पा, तुम्ही उच्चार माझ्यापेक्षा चांगले करताय." मी तिला चुलीतल्या आणि चहातल्या च चं सांगितलं. ती हसली. हलिनाबाई मागून येत होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या हे मला न वळता कळत होतं. मी च बद्दलच बोलत राहिलो.

सोलापूर

परत येऊन आता काही महिने झाले. शाळेत मुलं मला जेन दोब्री म्हणतात. फळ्यापाशी अडलेल्या पोराला मी आता शेजारी उभा राहून गणित सोडवून दाखवतो. केमालचं लग्न झालं. फोटोत सासऱ्याच्या बाजूला तो उभा आहे, बाकी सगळे बसलेत. हलिनाबाई रविवारी फोन करतात. त्यांनी परत मराठी सुरू केली आहे. सुमन त्यांना शिकवते आणि मी मधे बसतो. परवा फोन झाल्यावर सुमन म्हणाली, "लई गुनाची इहीण हाय. त्या दिवशी लाइन गेली नसती तर किती आधीच वळख झाली असती की."

मी व्हय म्हणालो.

ही हकीगत मी लिहिली खरी, पण लिहिणं वेगळं आणि समोर बसून तोंडानं सांगणं वेगळं. जे एका परक्या भाषेत, मोजक्या शब्दांत, उभं राहून सांगता आलं, ते मला माझ्या भाषेत, सगळे शब्द हाताशी असताना, अजून जमलेलं नाही. पोलिशची पहिली पायरी मी पास झालो आणि त्याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी लाइन गेली नव्हती, फोन मी कापला होता, हे प्राजूला आणि सुमनला मराठीत सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.